देवयानीचा फोटो

दुर्बीण घेतल्याचे वस्तीत कळले तेव्हा पहिला प्रश्न आला तो, "आता पत्रिका बघणार का?" विचारणाऱ्या वहिनी थट्टा करीत नव्हत्या, खरेच विचारीत होत्या. पत्रिकावाल्याला आकाश बघावे लागत नाही, त्याचे काम छापील पंचांगावर भागते, हे सांगितले तेव्हा त्यांना नवल वाटले. दुसरा प्रश्न घरातलाच. सौ. म्हणाली, "अहो, मग ओट्याचं काय?" स्वयंपाकघरातला ओटा खचला आहे, निवृत्तीचे पैसे आले की तो करायचा असे ठरले होते. तिचे म्हणणे रास्त होते. तिसरे बोलणे मात्र मनाला लागले. आमचे एक नातेवाईक, चांगले शिकलेले, जयभीम घालून बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "दुर्बीण, कॅमेरा ही मोठ्या लोकांची हौस. हे आपल्या लोकांचं काम नव्हे." हा प्रश्न नव्हताच, निकाल होता.

मी तेव्हा गप्प राहिलो. आता देवयानी दीर्घिकेचा फोटो घरात भिंतीवर आहे, तेव्हा बोलायला हरकत नाही.

मी व्यवसायाने टर्नर. अंबरनाथच्या एका कारखान्यात अडतीस वर्षे लेथवर उभा राहिलो. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, त्या वेळी हौशी मंडळींच्या मागे लागून वांगणीला एक रात्र काढली आणि पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावला. तेव्हा वांगणीला चांगला काळोख असे. पुढे संसार, मुलांची शिक्षणे, पाळ्या, ओव्हरटाइम. आकाश होते तिथेच होते, आपल्यालाच सवड नव्हती. निवृत्त झालो आणि पुण्याच्या एका हौशी गृहस्थांकडून वापरलेली दुर्बीण घेतली. भिंगाची दुर्बीण, ८० मिलिमीटर व्यासाची, ४८० मिलिमीटर नाभीय अंतराची. म्हणजे नळी साधारण हातभर लांब आणि तोंड चहाच्या बशीपेक्षा लहान. बघणाऱ्याला वाटते, एवढ्याशा नळीत काय दिसणार? फोटोसाठी मात्र ती सोयीची असते. आरशाच्या दुर्बिणीतले आरसे प्रवासात हलतात, पुन्हा जुळवावे लागतात. भिंग नळीत पक्के बसवलेले असते. एसटीने जाणाऱ्या माणसाला हे महत्त्वाचे.

या भिंगाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका साध्या भिंगातून पाहिले की ताऱ्याभोवती निळी-जांभळी कड दिसते, कारण काच प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकवते. त्यावर उपाय म्हणून दोन जातींच्या काचांची दोन भिंगे, एक फुगीर आणि एक खोलगट, जोडीने बसवतात. एकीने फाकवलेले रंग दुसरी पुन्हा जवळ आणते. ही कल्पना आधी दुसऱ्या एका इंग्रज गृहस्थाला सुचली होती, पण १७५८ साली लंडनमध्ये तिचे पेटंट घेऊन अशी भिंगे बाजारात आणली ती जॉन डॉलंड याने. हा डॉलंड मूळचा रेशीम विणणारा. बाप विणकर, स्वतः विणकर. मागावर बसून गणित आणि प्रकाशशास्त्र शिकला, आणि वयाच्या पंचेचाळिशीनंतर माग सोडून मुलाच्या चष्म्या-दुर्बिणींच्या धंद्यात शिरला.

हे वाचले तेव्हा मला आमचे आजोबा आठवले. ते मुंबईच्या गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतर कामगारांना चालत नव्हता. बाबासाहेबांनी १९२८-२९च्या गिरणी संपांच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. आजोबांना माग कधी मिळाला नाही. नातवाला एका विणकराने सुधारलेली दुर्बीण मिळाली, इतके खरे.

आता देवयानी म्हणजे काय ते सांगतो. आपला सूर्य ज्या ताऱ्यांच्या प्रचंड मेळ्यात आहे ती आपली आकाशगंगा. तिच्यासारखेच दुसरे मेळे दूर दूर आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. मोठ्या दीर्घिकांत आपल्याला सर्वांत जवळची ती देवयानी. जवळची म्हणजे सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे. तिच्यात अंदाजे एक लाख कोटी तारे आहेत. वाचकांपैकी कुणाला बघायची असेल तर नोव्हेंबरच्या मध्यावर, चंद्र नसताना, रात्री नऊच्या सुमारास गावाकडे उत्तरेला तोंड करून उभे राहा. क्षितिजापासून वीतभर वर ध्रुवतारा. त्याच्या बऱ्याच वर पाच ताऱ्यांची शर्मिष्ठा, इंग्रजी एम अक्षरासारखी. तिच्या दोन टोकांपैकी जे जास्त अणकुचीदार आहे ते बाणासारखे जिकडे रोखलेले आहे, तिकडे मान आणखी उंचावून पाहिले की एक धुरकट ठिपका दिसतो. साध्या डोळ्यांना दिसतो. इराणमधल्या इस्फहानच्या अल-सूफीने ९६४ साली आपल्या ग्रंथात त्याची नोंद 'लहानसा ढग' अशी करून ठेवली आहे. नावे पुराणातली आहेत, दोघी भांडणाऱ्या मैत्रिणींची. ताऱ्यांना त्याचे सोयरसुतक नाही.

फोटोला कॅमेरा भाच्याचा. तो लग्नांचे आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे फोटो काढतो. आपल्यात मुहूर्त बघत नाहीत, रविवार हाच मुहूर्त, त्यामुळे रविवारी त्याचा कॅमेरा मिळणे अशक्य. शनिवारी रात्री न्यायचा आणि सकाळी नऊच्या आत परत, अशी बोली झाली. कॅमेरा दुर्बिणीला जोडायला कडे लागते आणि प्रतिमा नीट उमटायला मधे थोडे लांबीचे नळकांडे लागते. बाजारात तयार मिळते, पण ते विकत घ्यायला माझा हात धजेना. ४२ मिलिमीटर व्यास आणि ०.७५ मिलिमीटर पिचचे आटे, हे काय टर्नरला जड आहे? ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचा तुकडा लावला, दीड तासात आटे पाडून दिले. भाचा फिरवून फिरवून बघत होता. म्हणाला, "मामा, हे तर कंपनीचं वाटतं." अडतीस वर्षांत मी हजारो कडी कातली, ती कुठल्या यंत्रात बसली कधी कळले नाही. हे एक कुठे बसले ते दिसले.

जागा मेहुण्याच्या गावची, मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या वाटेवर. अंबरनाथच्या गच्चीवरून आकाश पिवळे दिसते, तिथे ही गोष्ट होणे नाही. कल्याणहून एसटी पकडली. भाच्याकडे कॅमेरा आणि लॅपटॉप, सौ.कडे भाकऱ्या आणि चादरी, माझ्याकडे दुर्बीण कुकरच्या खोक्यात, आणि पोत्यात तो जड मंच ज्यावर दुर्बीण बसते. कंडक्टरने पोते हलवून पाहिले आणि विचारले, "मोटार आहे का विहिरीची?" लगेज लावले.

मोटार होतीच, पण विहिरीची नव्हे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून आकाश सरकताना दिसते, सेकंदाला १५ विकला. ऐकायला थोडे वाटते, पण दुर्बिणीतून फोटो घेताना एका सेकंदात ताऱ्याची रेघ होते. म्हणून मंचाचा एक आस ध्रुवाकडे रोखायचा आणि मोटारीने दुर्बीण आकाशाच्या चालीने उलट फिरवत ठेवायची. आपल्याकडे ध्रुव क्षितिजावर फक्त १९ अंश असतो, कारण आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला तेवढेच अंश आहोत. मेहुण्याच्या अंगणातून तो आंब्याआड गेला. तेव्हा सगळे सामान उचलून खळ्यावर नेले. मेहुणा म्हणाला, "दाजी, एक तारा बघायला दुसरा तारा शोधता होय?" तसेच आहे ते.

प्रतिमा स्पष्ट करायला पावेल बाहतिनोव्ह नावाच्या रशियन हौशी खगोलप्रेमीने शोधलेली एक युक्ती आहे. काळ्या पुठ्ठ्याला ठरावीक तिरप्या फटी कापून तो दुर्बिणीच्या तोंडावर लावायचा. ताऱ्याभोवती तीन रेघा दिसतात, मधली रेघ बरोबर मध्यावर आली की प्रतिमा नेमकी. पुठ्ठा मुलीने घरीच ब्लेडने कापून दिला होता. सारे जमायला साडेसात वाजले.

कॅमेरा लावण्याआधी डोळ्याने बघायचे भिंग लावून सर्वांना देवयानी दाखवली. गावची पोरे, मेहुण्याच्या घरचे, शेजारचे म्हातारे, रांग लागली. खरे सांगायचे तर निराशा झाली. दुर्बिणीतून ती दिसते राखाडी, मधे थोडी उजळ, कडेला विरत गेलेली. काचेवर श्वास सोडल्यावर धूर उमटतो तशी. एक पोरगा म्हणाला, "एवढंच?" मी त्याला सांगितले, तुझ्या डोळ्यात आत्ता जो उजेड शिरला तो २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघाला. तेव्हा आजच्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता, आफ्रिकेत आपले पूर्वज दगडाला दगड आपटून हत्यारे करीत होते. ना गाव होते, ना गावकूस. पोरगा पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. पुढच्यातल्या चार जणांनी पुन्हा 'एवढंच' म्हटले, ते वेगळे.

डोळ्याची अडचण अशी की तो उजेड साठवू शकत नाही. आला तो क्षणात गेला. कॅमेरा साठवतो. पण एकदम दोन तासांचा एकच फोटो घेत नाहीत. वारा येतो, मंच थरथरतो, मुंबईकडे उतरणारे विमान मधून जाते, आता उपग्रहांच्या रांगाही जातात, एका धक्क्याने सारी रात्र वाया जायची. म्हणून मिनिटा-मिनिटाचे फोटो घ्यायचे, आम्ही १५० घेतले, आणि नंतर संगणकावर एकावर एक रचायचे. विहाराची वर्गणी गोळा करतो तसेच हे. एका घरच्या दहा रुपयांनी काही होत नाही. शिवाय प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याचे स्वतःचे दाणे उमटतात, ते दर वेळी वेगवेगळ्या जागी असतात, दीर्घिका मात्र तिथेच असते. रचत गेले की दाणे आपापसांत विरतात आणि ती उठून येते. हिशेब कडक आहे. दुप्पट स्वच्छ हवा असेल तर चौपट फोटो लागतात. विमानाची रेघ एकाच फोटोत असते, बाकीचे तिला बहुमताने बाद करतात.

आणखी दोन कामे असतात. एक, भिंगावर झाकण लावून तेवढ्याच मिनिटांचे काळे फोटो घ्यायचे, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग कळतात आणि वजा करता येतात. भाच्याला हे फार विनोदी वाटले. "मामा, झाकण लावून फोटो काढणारे पहिलेच तुम्ही." दुसरे, भिंगावर पांढरे कापड ताणून एकसारख्या उजेडाचे फोटो, म्हणजे धुळीचे ठिपके आणि कडेचा अंधार दुरुस्त होतो. पांढरे कापड सुरकुतीशिवाय हवे. सौ.ने पिशवीतून आपली विहारात नेसायची पांढरी साडी काढली. पदर दुहेरी करून नळीवर ताणून धरला आणि पहाटेच्या फटफटीत अर्धा तास उभी राहिली. रात्री दव पडू लागले तेव्हा भिंगापुढे पुठ्ठ्याची नळी आणि नळीला माझा मफलर बांधण्याची कल्पनाही तिचीच. ओट्याचा विषय त्या रात्री निघाला नाही. परतीच्या एसटीत निघाला.

घरी आल्यावर १५० पैकी ११८ फोटो कामाचे निघाले. 'सिरिल' नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो, त्यात ते घातले. जुना लॅपटॉप, बराच वेळ खडखडत राहिला. पहिल्यांदा पडदा जवळजवळ काळाच दिसतो. मग उजेडाची पट्टी हळूहळू ताणायची. ताणता ताणता ती आली. मधे पिवळसर गोळा, तो म्हाताऱ्या ताऱ्यांचा. भोवती निळसर झाक, तिथे तरुण तारे. मधून काळ्या धुळीच्या कडा, चाकाच्या धावेसारख्या. बाजूला तिच्या दोन लहान सोबतिणी, एक गोल टपोरी, दुसरी लांबट फिकी. आकाशात ती पूर्ण चंद्राच्या सहापट लांब आहे, आपल्याला दिसतो तो तिचा नुसता गाभा असतो. फोटोच्या चौकटीत मावावी म्हणून तिला कोनाकोनी बसवली होती, तरी टोके कापली गेली.

फोटो टीव्हीवर लावला. आई ऐंशी वर्षांची, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. टीव्हीजवळ स्टूल ओढून बसली. तिला बाकी काही विचारायचे नव्हते. "हे कवा दिसतं?" मी सांगितले. ती म्हणाली, "आमाला तिकांडं ठावं. खाटलं ठावं. पावसाळा सरला की पहाटं तिकांडं डोक्यावर यायचं, तवा आमी खडी फोडाया वाट धरायचो. हे धुरकट काय आमी बघितलं न्हाई. मान वर करायला येळ कुठं व्हता?" १९७२च्या दुष्काळी कामाचे ती सांगत होती. तिकांडे म्हणजे मृगाच्या पोटातले तीन तारे, खाटले म्हणजे सप्तर्षी. घड्याळ नसलेल्या बायांचे हे घड्याळ. ही नावे पुस्तकांत अभावानेच सापडतात, देवयानी-शर्मिष्ठा सगळीकडे. मी आईकडून तिला आठवतील तेवढी लिहून घेतो आहे.

त्या संध्याकाळी ते नातेवाईकही होते. त्यांनी फोटो चांगला म्हटला, पण "यात आपला काय फायदा" हेही म्हटले. मग मी त्यांना याच देवयानीची गोष्ट सांगितली. शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांत वाद होता की हा ढग आपल्याच आकाशगंगेत आहे की बाहेर. १९२३च्या ऑक्टोबरात एडविन हबलने कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने तिचा फोटो घेतला. त्यातल्या एका ताऱ्यावर त्याने आधी नवतारा म्हणून खूण केली होती, ती खोडून 'बदलता तारा' असे लिहिले. तो तारा सुमारे ३१ दिवसांत मंद आणि तेजस्वी होत होता. अशा ताऱ्यांचा काळ मोजला की त्यांचे खरे तेज कळते आणि तेजावरून अंतर, हा नियम हबलचा नव्हे. तो हेन्रिएटा लेव्हिट या बाईंचा, १९१२ सालचा. हार्वर्डच्या वेधशाळेत तासाला ३० सेंट मजुरीवर फोटोच्या काचांवरचे तारे मोजण्याचे काम त्या करीत. ऐकायला कमी येत असे. दुर्बीण चालवायला बायकांना मिळत नव्हती. त्यांच्या नियमाने देवयानी आकाशगंगेच्या बाहेर निघाली. हबलचा आकडा आजच्यापेक्षा बराच कमी होता, पुढे सुधारला, पण विश्व एका आकाशगंगेपुरते नाही हे पक्के झाले. आणि पुढे हबलच्या जोडीने दूरदूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशाचे फोटो रात्र-रात्र घेतले ते मिल्टन ह्युमेसनने. हा लहानपणीच शाळा सोडलेला, त्याच डोंगरावर खेचरांवरून सामान वाहणारा. १९१७ साली वेधशाळेत झाडूवाला म्हणून लागला, रात्रीचा मदतनीस झाला, मग शास्त्रज्ञांच्या यादीत गेला.

नातेवाईक ऐकून घेऊन म्हणाले, "ते अमेरिकेत." मी म्हटले, हो, अमेरिकेतच, आणि तिथेही लेव्हिट बाईंना दुर्बीण मिळालीच नाही. त्यावर आमचे एकमत झाले आणि जेवणे झाली.

फोटोची एक मोठी प्रत विहाराच्या अभ्यासिकेत लावली आहे. मुले प्रश्न विचारतात. एक मुलगी म्हणाली, फोटोत एवढे सुटे तारे आहेत ते तिचेच का? नाही. ते सगळे आपल्या आकाशगंगेतले, मधे आलेले. पावसात खिडकीतून रस्ता पाहावा तसे, थेंब काचेवरचे आणि दिवे पलीकडचे. दुसऱ्याने विचारले, ती आपल्यावर आदळणार का? ती आपल्याकडे येते आहे हे खरे. ती आदळणारच असे बरीच वर्षे सांगत होते. २०२५ साली नवा हिशेब प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे पुढच्या १००० कोटी वर्षांत आदळण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. मुलगा म्हणाला, मग दहावीच्या परीक्षेआधी नाही.

आता डोळा त्रिकोण नक्षत्रातल्या दीर्घिकेवर आहे. सुमारे २७ लाख प्रकाशवर्षे, आणि देवयानीपेक्षा खूप फिकी. तिला निदान पाच तासांचे फोटो हवेत, म्हणजे दोन रात्री. भाच्याचे रविवार फेब्रुवारीपर्यंत लग्नांनी भरले आहेत, एका शनिवारी मात्र तो यायला तयार आहे. ओट्याला कडाप्पा मार्चमध्ये लागेल. सौ.ने यंदा अट घातली आहे की कॅमेरा लावण्याआधीचा अर्धा तास दुर्बीण तिची, आणि रांग नंतर.